साहेबांचा रिटेक बाकी आहे

मुंबई,
५ ऑक्टोबर १९६४

बेबीबाईले इंद्रभानचा तोंडभरून जयभीम.

हा कागद बसून वाच. उभ्यानं वाचशीन तं पडशीन.

तुले माहीतच हाय, मी ज्या फिल्म कंपनीत लाइटाच्या तारा उचलतो तठी मोठे सिनेमे नाई बनत, माहितीपट बनतात. नट नाई, नटी नाई, खरे माणसं अन् खऱ्या गोठी. टॉकीजमंदी मेन पिक्चर लागायच्या आधी लोकं शेंगा फोडत जे पाह्यतात, तेच. आता आमचे दस्तूर साहेब माणसाच्या हक्कावर एक माहितीपट करून राह्यले. कायदा झाला, शिवाशिव गुन्हा ठरली, मंग खेड्यात काय फरक पडला, हे त्याइले दाखवाचं हाय. त्यासाठी असं एक गाव पाह्यजे का जठी साऱ्या जातीच्या बाया एकाच विहिरीवर पाणी भरतात. साहेबानं साऱ्या हापिसाले विचारलं. सारे एकमेकाइकडे पाहून राह्यले. मायं तोंड आपोआप उघडलं. म्हटलं, साहेब, मायी मावशी राह्यते त्या गावी हाय. सायखेडी, धामणगाव बढ्याजवळ, जिल्हा बुलढाणा.

साहेबानं तवाच नकाशा पसरला. सायखेडी नकाशात नाईच. मंग त्याइनं धामणगावाच्या बाजूले लाल पेन्सिलीनं सोताच एक ठिपका काढला. बेबी, मायामुळे आपलं गाव हिंदुस्थानच्या नकाशात आलं.

तू काय म्हणशीन ते मले माहीत हाय. पण दिवाळी झाली का सारे येऊन राह्यले, कॅमेरा घेऊन. सरपंचाले सांगजो का गावाचं नाव साऱ्या देशाच्या टॉकीजमंदी दिसन. तो गडी पाघळते का नाई पाह्य.

मावशीले सांगजो, पोरगा खुशाल हाय. इथं म्या 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं तरी लोकं हसतात, मनून तुले लिहितानी कसर भरून काढतो. तू मास्तरीन, तू शुद्ध लिहिजो.

तुया भाऊ,
इंद्रभान


सायखेडी,
१४ ऑक्टोबर १९६४

इंद्रभानभाऊस बेबीचा सप्रेम जयभीम.

पत्र उभ्यानंच वाचलं. पडले नाही, पण चुलीवरचं वरण करपलं.

भाऊ, तू बह्याड आहेस का? उन्हाळ्यात आमच्याकडे यायचास तेव्हा पाणी कुठून आणायचो, ते विसरलास? नाल्यातल्या झिऱ्यातून. वाटीनं उपसून उपसून हंडा भरायचा आणि वर गाळायला फडकं. अजून तेच आहे. गावची विहीर ग्रामपंचायतीची, म्हणजे कागदावर सगळ्यांची, पण आपल्या वस्तीतली एक बाई आजवर तिच्या ओट्यावर चढलेली नाही. आणि तू मुंबईच्या साहेबाला ठोकून दिलंस.

मी आईला पत्र वाचून दाखवलं. आधी ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की खोकला लागला. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच." दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसली नाही. "जाय सरपंचाकडे," म्हणाली. "इच्यारून तं पाह्य. नाई म्हणन. आजवर हो कवा म्हटलं?"

बालवाडी सुटल्यावर गेले. रामराव ओट्यावर बसून दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला.

"गावाचं नाव येईन?"

"येईल."

"अन् सरपंचाचं?"

"ते साहेबाला विचारावं लागेल. पण सरपंच दिसतील तर खरंच."

बाजूला त्यांचे काका उकंडराव सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "रामराव, विहीर बाटन." रामराव म्हणाले, "काका, एका दिवसाचा खेळ हाय. कॅमेरा गेला का विहीर उपसून घेऊ. अठी राजूर घाटाखाली आपल्याले कोण ओळखते? साऱ्या देशानं पाह्यलं तं उद्या तालुक्याचं तिकीटबी भेटन."

माझ्यासमोर, भाऊ. मी जणू तिथं नव्हतेच. तरी मी एक अट घातली. वरून कोणी ओतलेलं पाणी आम्ही ओंजळीत धरणार नाही. आमचा दोर, आमची बादली, आम्ही स्वतः शेंदणार. साहेबाला तसंच लागतं, असं तुझ्या नावावर ठोकून दिलं. खोटं बोलायला मी तुझ्याकडूनच शिकले.

आज धम्मदिन, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत वंदनेला जमली होती. वंदना संपली आणि बाया सरळ सिनेमावर आल्या. कोणतं लुगडं नेसायचं, नथ घालायची का, पावडर धामणगावच्या बाजारात मिळते का. शालूबाईनं घागर चिंचेनं घासून इतकी लखलखीत केली आहे की तिच्यात तोंड पाहून भांग पाडते.

तू नक्की ये. नाहीतर तुझ्या साहेबाशी बोलणार कोण?

तुझी,
बेबी


मुंबई,
२७ ऑक्टोबर १९६४

बेबीबाईले जयभीम.

मायं येनं होऊन नाई राह्यलं. साहेबानं मले कोकणातल्या दुसऱ्या कामावर धाडलं. मी लय गयावया केली. त्याइनं पाठीवर हात ठेवला, म्हणले, "इंद्रभान, तुज्या गावची आम्ही काळजी घेते." आता इकडं समुद्राच्या काठी बसून मासे सुकवनाऱ्या बायाइवर लाइट धरतो अन् मन तुमच्या विहिरीवर.

मनून आता हे नीट ऐक. कॅमेऱ्याकडे पाहाचं नाई. पांढरं लुगडं नेसाचं नाई, लाइटात नुसता धब्बा दिसते. शालूबाईची घागर जास्त चकाकली तं साहेब तिच्यावर माती फासन, तिनं रडू नये. अन् एक इंग्रजी शब्द हाय, रिटेक. म्हणजे साहेबाले आवडलं नाई तं तेच पुन्यांदा कराचं. त्यानं घाबरू नका. चांगलं झालं तरीबी ते रिटेक घेतात, त्याइची सवय हाय.

सरपंचानं उपसून घ्याचं म्हटलं, ते म्या दोनदा वाचलं. तुले वाटलं तं आतापन नाई म्हण. मी साहेबाले सांगीन का मी खोटं बोललो. नोकरी गेली तं गेली.

इंद्रभान


सायखेडी,
१८ नोव्हेंबर १९६४

इंद्रभानभाऊस सप्रेम जयभीम.

नाही कोण म्हणणार होतं? शूटिंग झालं. मला अजून झोप लागत नाही आणि एकटी असले की हसू येतं. बालवाडीची पोरं मला घाबरायला लागली आहेत.

साहेबांची जीप आली तर अख्खं गाव वेशीवर. तुझ्यासाठी रामरावांनी हार आणला होता. तू नाहीस म्हटल्यावर तो हार ड्रायव्हरच्या गळ्यात पडला. तो बिचारा दिवसभर काढायचा विसरला.

सकाळी आम्ही बाया घागरी घेऊन ओळीनं निघालो. आई पुढे. वेशीतून आत जाताना सगळ्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ओट्याच्या पायरीशी आई थांबली. मला वाटलं घाबरली. तिनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि चढली. बादली सोडली. पाणी फार खोल नाही, भाऊ. इतकी वर्षं मला वाटायचं पार पाताळात असेल. बादली लगेच पोचली.

साहेब ओरडले, "बाई, एकदम फस्क्लास. आता परत एकदा."

परत म्हणजे काय, दुपारपर्यंत परतच. कधी ढग आला, कधी उकंडरावांचा बैल मध्ये आला, कधी रामराव. रामराव तर प्रत्येक वेळी कुठून तरी निघायचे आणि कॅमेऱ्याकडे पाहून नमस्कार करायचे. दर वेळी साहेब सांगायचे, घागरी रिकाम्या करून या. आता शेंदलेलं पाणी कोणी मातीत ओततं का? बाया धावत घरी जायच्या, रांजणात ओतायच्या, धावत परत यायच्या. वस्तीतले रांजण भरले, डेगा भरल्या, परात भरली, शेवटी शालूबाईनं पाळण्यातलं लेकरू उचलून न्हाऊ घातलं. साहेबांना कळेना की बायांना रिटेक इतका का आवडतो.

मग साहेबांना हवं होतं की दोन बाया विहिरीवर बोलत उभ्या आहेत. एक आपली, एक त्यांची. आई होतीच. पलीकडून कोणी येईना. रामरावांची आई मनकर्णाबाई लांबून पाहत होत्या. "मी नाई बाप्पा, मले पुन्हा आंघोळ करा लागन," म्हणाल्या. तेवढ्यात उकंडरावांची सून पदर सावरत पुढे सरकली. ते पाहून मनकर्णाबाई ताडकन उठल्या. "तुले काय समजते? सरपंचाची माय मी हावो." आणि येऊन आईच्या शेजारी उभ्या.

साहेब म्हणाले, बोला काही पण, आवाज घेत नाही. दोघी नुसत्या उभ्या. आई त्यांच्या शेतात इतकी वर्षं कापूस वेचते, पण शेजारी उभं राहून बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या, "कलाबाई, तुये गुडघे दुखते का व?" आई म्हणाली, "चढतानी नाई दुखत, उतरतानी दुखते." "मायं उलटं हाय." मग कोणत्या पाल्याचा शेक, कोणतं तेल. साहेब "बस, झालं" म्हणून ओरडले, कॅमेरा बंद झाला, तरी या दोघी बोलतच होत्या.

संध्याकाळी जीप गेली. मनकर्णाबाईंनी आंघोळ केली, ते आम्हाला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं तांब्या आपटत केली.

आणि आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली आणि घागर घेऊन सरळ विहिरीवर. मी मागे पळत. तिच्यामागे शालूबाई, मग सगळ्या. रामराव तिथं उपसायचं पाहायला माणसं घेऊन आलेच होते.

"कलाबाई, शूटिंग झालं ना आता."

आई म्हणाली, "साहेबाचा रिटेक बाकी हाय. कवा येतीन सांगता नाई येत. हात बसलेला राह्यला पाह्यजे."

रामराव विचारात पडले. साहेब परत आले आणि बाया अडखळल्या तर नाव गावाचं जाणार. म्हणाले, "बरं. पण साहेब येतवरीच." विहीर उपसायचंही राहिलं.

तेव्हापासून रोज आमची तालीम चालू आहे. झिऱ्याची वाटी मी बालवाडीत नेली, पोरं तिच्यात माती खेळतात.

तुझी,
बेबी


मुंबई,
२९ नोव्हेंबर १९६४

बेबीबाईले जयभीम.

तुया कागद म्या चाळीच्या जिन्यात वाचला अन् असा हसलो का वरच्या खोलीतला शेजारी खाली पाह्याले आला, याले झालं तरी काय. मावशीले माया दंडवत सांग. साऱ्या मुंबईत तिच्याएवढी नटी नाई.

पण बेबी, एक गोठ तुले सांगाच लागन. रिटेक नाई हाय. साहेब फिल्म कापाले बसले. म्या मशिनीवर मावशीचं तोंड पाह्यलं, हाताएवढ्या काचीवर. ती बादली वर ओढून राह्यली अन् हसून राह्यली. म्या साहेबाले म्हटलं, हे मायी मावशी.

आता तिकडं कोणी परत नाई येत. उकंडरावाले हे समजलं तं काय होईन? तू म्हणशीन तं मी साहेबाकडून सरपंचाले दोन ओळी लिहून आणतो का काम बाकी हाय. साहेब भला मानूस, देईन लिहून. तुमची आणखी काही दिवसाची सोय होईन. सांगजो.

इंद्रभान


सायखेडी,
२२ डिसेंबर १९६४

इंद्रभानभाऊस सप्रेम जयभीम.

दोन ओळी आणू नकोस. त्यांची गरज उरली नाही. उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात उकंडराव विहिरीवर येऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरीन, तुमचा साहेब येते कवा?" आईनं माझ्याकडे पाहिलं. 'येतील' एवढंच म्हणायचं होतं, रोजच म्हणत होतो. पण भाऊ, मला एकदम वाटलं, या 'येतील'वर आपण किती दिवस पाणी प्यायचं? उद्या साहेबाला ताप आला तर आमची तहान गेली का? मी म्हटलं, "काका, साहेब येणार नाहीत. शूटिंग संपलं. आम्ही पाण्यासाठी येतो. विहीर ग्रामपंचायतीची आहे."

बादली मध्येच लटकत होती. आईनं ती वर ओढली, घागर भरली आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर मात्र मी ताटावर बसेना. आई म्हणाली, "बोलली ते बोलली. आता जेव."

दुसऱ्या दिवशी उकंडरावांच्या गड्यानं आईची घागर लाथेनं पाडली. मातीची होती, फुटली. शूटिंगला तांब्याची नेली होती, ती त्या दिवशी नेली नव्हती, एवढंच बरं. आई खापरं वेचत बसली नाही. शालूबाईच्या घागरीतलं अर्धं पाणी घेऊन आली. आणि सांजेला दवंडी फिरली की आपल्या वस्तीतल्या कोणालाही गावात कामाला बोलवायचं नाही.

तुला माहीत आहे हे दिवस कसले. शेतं पांढरीशुभ्र, बोंडं फुटून कापूस खाली लोंबतो. आमच्या बायांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. सकाळी आधी सगळ्या मिळून विहीर, मग धामणगावचा रस्ता. तिकडच्या शेतकऱ्यांना वेचणाऱ्या बाया मिळतच नव्हत्या. त्यांनी आम्हाला न्यायला बंडी पाठवली. आम्ही बंडीत बसून गाणी म्हणत रामरावांच्या बांधावरून जायचो. शालूबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. मी पण सुटीच्या दिवशी गेले. बोटं सोलली, पण इतकं हसले नव्हते कधी.

भीती नव्हती असं नाही. आई पदराच्या टोकाला तिखट बांधून विहिरीवर जायची. मला वाटायचं, कोणी अंगावर आलं तर मी आधी पळेन. पण आम्ही सगळ्या एकदम जायचो आणि एकदम यायचो, आणि कोणी आलं नाही. घागर फोडणारा गडीही दुसऱ्या दिवसापासून तोंड चुकवायला लागला. त्याची बायको आईच्या ओळखीची.

इकडे रामरावांच्या घरच्या बाया स्वतः वेचायला लागल्या. मनकर्णाबाई पण ओटी बांधून. आणि मागच्या मंगळवारी आभाळ आलं. काळंकुट्ट, सगळ्या बाजूंनी. कापूस भिजला असता तर वर्ष गेलं असतं.

रामराव आमच्या दारात आले. आत नाही आले, पण दारापर्यंत आले. "कलाबाई, झालं गेलं सोडा. उद्यापासून या वेचाले. सारी वस्ती या."

आई म्हणाली, "अन् विहीर?"

"काम वेगळं, विहीर वेगळी. दोन्ही मिसळून काऊन राह्यल्या?"

"आमी नाई मिसळलं, दादा. आमी विहिरीवर आलो तं तुमी काम बंद केलं. मिसळलं तुमीच. आता वेगळं तुमीच करा. पण चावडीत करा, साऱ्याइच्यासमोर. अठी दारात नको."

रामराव आभाळाकडे पाहत उभे. मग चावडीत गेले. आम्ही सगळ्या मागे गेलो. त्यांनी उकंडरावांकडे न पाहता भराभर सांगितलं की विहीर ग्रामपंचायतीची आहे, सगळ्यांनी भरावं, कोणी आडवं आलं तर सरपंच त्याच्या पाठीशी नाही. उकंडराव उठून गेले. रामराव खाली बसले आणि पाणी मागितलं. कोतवालानं दिलेलं पाणी विहिरीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटायच्या आत आम्ही वावरात. आभाळ गडगडलं आणि न बरसता निघून गेलं. कापूस सगळा घरात आला.

तुला हे सगळं आधी कळवलं असतं तर तू नोकरी सोडून आला असतास, म्हणून लिहिलं नाही. रागावू नकोस.

तुझी,
बेबी


मुंबई,
३० जानेवारी १९६५

बेबीबाईले जयभीम.

रागावलो. दोन दिवस. मंग तुया कागद पुन्यांदा वाचला अन् राग कोठी गेला समजलं नाई. मावशीच्या पदरात तिखट, अन् मी इथं तारा गुंडाळून राह्यलो.

माहितीपट तयार झाला. मावशी अन् मनकर्णाबाई दोघीबी हायत त्याच्यात. पण मांगून एक मानूस जड आवाजात बोलते, का या गावी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या बाया एकोप्यानं पाणी भरतात. मले शरमल्यासारखं झालं. मायंच खोटं, पण आता रेशमाचा सदरा घालून आलं.

मनून म्या साहेबाले तुमचं सारं सांगून टाकलं. झिरा, रिटेक, घागर, कापूस. साहेब चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसून राह्यले. मंग म्हणले, "इंद्रभान, जे फिल्ममध्ये पायजे होता, ते मी जीपमध्ये बसून निघून आल्यावर झाला." त्याइले आता पुन्हा याचं हाय अन् खरंखुरं घ्याचं हाय. बाया हो म्हणत असतीन तं. अन् आता मीबी येईन, कोकणात नाई जात.

प्रसिद्धी खात्याची गाडी हे फिल्म घेऊन जिल्ह्यात फिरणार हाय. उन्हाळ्याच्या आत सायखेडीले येईन. मावशीले पहिल्या रांगेत बसवजो.

इंद्रभान


सायखेडी,
११ एप्रिल १९६५

इंद्रभानभाऊस सप्रेम जयभीम.

गाडी येऊन गेली. शाळेच्या पटांगणात पडदा लावला. गाव तर आलंच, धामणगावहून बंड्या आल्या. माणसं पडद्याच्या पुढे मावेनात तेव्हा काही मागे जाऊन बसली आणि त्यांनी सगळं उलटं पाहिलं.

आई पडद्यावर आली तर शिट्ट्या वाजल्या. आईनं पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराच्या आतून पाहिलं. शालूबाईची घागर दिसली, शालूबाई नाही. ती घागरीवरच खूश. रामराव शेवटपर्यंत दिसले नाहीत. सगळे नमस्कार साहेबांनी कापून टाकले. रामराव दोनदा विचारायला गेले, दुसरा भाग आहे का.

आणि तो जड आवाजाचा माणूस म्हणाला, पिढ्यान्‌पिढ्या एकोप्यानं. मग आमच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग त्यांच्या बाजूनं. मग सगळं पटांगण हसायला लागलं, गाडीवाला घाबरून मशीन बंद करायला निघाला. उकंडराव झाडाखाली लांब बसले होते. ते हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

साहेबांना काय कळवू म्हणून आईला विचारलं. म्हणाली, "या म्हणा. पण दुपारून या म्हणा. सकाळी बायाइले पाण्याची घाई असते, उभं राह्याले कोणी मोकळं नसते."

आता कालची गोष्ट. विहीर उन्हाळ्यामुळे खाली गेली आहे, पाणी थोडं आणि गर्दी फार. काल सकाळी आई आणि मनकर्णाबाई एकदमच ओट्यावर चढल्या. "नंबर माया हाय," आई म्हणाली. "मी तं कवाची आली, घागर ठेवून गायीले चारा टाकाले गेली व्हती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घागरीले नंबर नसते, मानसाले असते." "तुये तं गुडघे दुखते, तू काऊन पळत आली?" मग काय विचारतोस. गुडघ्यांवरून सुनांवर, सुनांवरून एकमेकींच्या हातच्या भाजीवर. दोघींचे पदर खांद्यावरून घसरले, दोघींचे हात एकाच दोरावर, आणि बाकीच्या बाया घागरी कमरेवर घेऊन मजा पाहत उभ्या. इतकं बोलल्या दोघी, भाऊ, इतकं वाईटसाईट बोलल्या, पण जातीचा शब्द एकीच्याही तोंडातून आला नाही. सुचलाच नसावा.

नंबर मनकर्णाबाईंनी मारला. आई घरी आली ती फणफणत. घागर आपटली, चूल पेटवली, भाकरी थापता थापता पुन्हा एकदा सगळं भांडण स्वतःशीच भांडली. मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसायला लागली. पीठ हाताला तसंच.

"बेबी," म्हणाली, "उद्या मले लवकर उठवजो. तिच्या आधी जाचं हाय."

तुझी,
बेबी